कार्डावरचं कुंकू
खाडीचा बांध फुटून दिवा गावची भातशेतं खारी झाली, तेव्हा दुरुस्तीची परवानगी मागायला गोपीनाथ ठाण्याला गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर गेला. आधी नावाचं छापील कार्ड आत पाठवायचं, मगच साहेब भेटतो, असं वकिलाने बजावलं होतं. म्हणून त्याने मुंबईहून कार्डं छापून आणली होती. तो दुपारभर व्हरांड्यात ताटकळला, शेवटी पट्टेवाला त्याचं कार्ड घेऊन बाहेर आला. “साहेबांना लग्नाला यायला जमणार नाही.” “लग्न कुणाचं?” पट्टेवाल्याने कार्डाच्या कोपऱ्यावरच्या कुंकवाकडे बोट दाखवलं. आईने सगळी कार्डं देवापुढे ठेवून लग्नपत्रिकांना लावतात तसं कुंकू लावलं होतं. परतताना होडीत त्याने एका कार्डावरचं कुंकू नखाने खरवडलं, मग बाकीच्या कार्डांना नख लावायचं त्याच्या जिवावर आलं. घरी आईने नेमकं तेच कार्ड उचलून कुंकवाचा करंडा उघडला. “हे एक राहिलंच की रे. म्हणूनच अडलं तुझं काम.”