सहकर्जदार

"मागच्या खोलीत गळतंय," कानामात्रा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

"बादली ठेवलीय," हॅलोबाई चहा गाळत म्हणाल्या. "बादलीला व्याज नसतं."

दोघांनाही ही नावं नोकरीने चिकटवलेली. बाईंचा उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या तारा जोडण्यात गेला. निवृत्तीनंतर त्या सकाळी एका औषधांच्या दुकानात बिलं करायच्या. कानामात्रा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. सुटलेली मात्रा त्यांना दातात अडकलेल्या कणासारखी सलायची. अजूनही आठवड्यातले तीन दिवस जायचे, कारण पेन्शन दोघांचीही बेताची, आणि लेकीच्या शिक्षणासाठी दोघांच्या नावावर काढलेलं कर्ज मारुतीच्या शेपटासारखं लांबलेलं.

आज त्याचा शेवटचा हप्ता होता.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोघं या टेबलाशी बसायचे. निम्मे पैसे त्यांचे, निम्मे बाईंचे. हिशेब बाईंचा, बेरीज त्यांची. मग दोघं चालत बँकेत जायचे. त्या दिवशी कानामात्रा न चुकता इस्त्रीचा सदरा घालायचे. लेकीने 'अहो, मोबाइलवरून भरता येतात' म्हणून सांगून पाहिलं होतं. "डोळ्यांदेखत गेले की गेल्यासारखे वाटतात," असं बाईंनी तिला ऐकवलं होतं.

"गच्चीचं काम करून घेऊ या," ते म्हणाले. "थोडं कर्ज काढलं तर..."

"गेल्या महिन्यात फ्रिज. त्याच्या आधी पाण्याची मोटर. म्हातारपणी ही उधळपट्टीची हौस कुठून आली हो तुम्हाला? बसचे पैसे वाचवायला घरी चालत येणारा माणूस."

"तेव्हा पाय होते."

"आणि आता अक्कल नाही."

ते हसले. चहा बशीत ओतून त्यांनी फुंकर मारली. ती फुंकर बाईंच्या कानाला इतकी सवयीची होती, की क्षणभर त्यांना ती पहिली खोली आठवली. फळीवर चार डबे. भाडं, दूध, किराणा, आणि चौथ्यावर कानामात्रांच्या सुबक अक्षरात 'इतर'. पगार झाला की जमिनीवर बसून नोटा वाटायच्या. 'इतर'पर्यंत काही पोचायचंच नाही. एकदा उघडला तर आत एक बटण निघालं. "जपून ठेव, आपली शिल्लक आहे," ते गंभीरपणे म्हणाले होते, आणि बाई हसून हसून भिंतीला टेकल्या होत्या.

पुढे त्याच डब्यांवरून किती वाजलं. त्यांनी भावाला गुपचूप पैसे दिले, बाईंनी रागाने शिलाई मशीन हप्त्यावर आणलं. शब्दाने शब्द वाढायचा. लेक वही घेऊन शेजारी अभ्यासाला जायची. आता वाटायचं, केवढ्याशा त्या रकमा.

"एकदाचं सुटू द्या मला," बाई म्हणाल्या. "दुकानाला रामराम ठोकणार. डोक्यावर कर्ज नसलेलं माणूस कसं झोपतं ते पाहायचंय."

"पाहा की. आणि पुढच्या एक तारखेला काय करशील?"

"झोपेन, म्हटलं ना. तुम्ही काय कराल?"

"मुद्रितं असतातच."

बाईंनी पैसे मोजले. बरोबर भरले. मग पुन्हा मोजले. या दिवसाची त्यांनी किती वाट पाहिली होती, आणि सकाळपासून दोनदा त्या गॅस बंद करायला विसरल्या होत्या. वय, दुसरं काय. पैसे दुसऱ्यांदाही बरोबरच निघाले.

"चला," त्या म्हणाल्या.

बँकेत गर्दी नव्हती. काउंटरवरच्या मुलीने पैसे घेतले, शिक्का मारला आणि एक कागद पुढे सरकवला.

"अभिनंदन हं. कर्ज संपलं. इथे आजींची सही, आणि इथे सह कर्जदाराची, म्हणजे आजोबांची."

कानामात्रांनी चष्मा वर केला. "'सहकर्जदार' हा एक शब्द आहे. तुम्ही 'सह' तोडून छापलंय."

"त्याने काय होतं आजोबा?"

"अर्थ जातो."

"जाऊ द्या हो. आता कर्जच संपलं. तुटलं तर तुटलं."

बाईंना वाटलं, आता हा माणूस त्या पोरीला व्याकरण शिकवत बसणार. छापलेल्या चुकीपुढे ते कुणाचं ऐकत नसत. लग्नपत्रिका, औषधाची चिठ्ठी, दुकानाची पाटी, कशालाही त्यांनी सोडलेलं नव्हतं. पण त्यांनी मुकाट्याने सही केली, पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. चूक तशीच राहिली.

"बराय," ते बाईंना म्हणाले. "सुटलीस." आणि पिशवी उचलून दाराकडे वळले.

हॅलोबाई उठल्या नाहीत. त्यांनी सही केलेल्या कागदाकडे पाहिलं, मग त्या इस्त्री केलेल्या पाठीकडे.

"अहो, थांबा जरा," त्या म्हणाल्या. मग काउंटरकडे वळून विचारलं, "गच्चीच्या दुरुस्तीला कर्ज मिळतं का, बाळ?"

कानामात्रा दारातच थबकले.

"मिळतं की. घर कुणाच्या नावावर आहे?"

"दोघांच्या."

"मग सोपं आहे." मुलीने कीबोर्ड पुढे ओढला. "दोघांच्या नावावरच करू. नातं, नवरा-बायको."

"तसं नका लिहू," हॅलोबाई म्हणाल्या. "आमच्या घटस्फोटाला पंधरा वर्षं झाली. मुदत मात्र मिळेल तेवढी लांबची द्या."