संवादाचे मार्क

कळव्याच्या एका हॉस्पिटलात नर्सिंगची प्रॅक्टिकल परीक्षा चालली होती. पक्षाघाताने वाचा गेलेले धोंडिबा सकाळपासून काहीतरी सांगू बघत होते. "पाणी हवंय? बेडपॅन देऊ? कुठे दुखतंय?" प्रत्येक मुलीने भराभर विचारलं आणि दर वेळी त्यांनी चिडून मान फिरवली.

शेवटी दर्शना आली. स्टूल ओढून बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"अगं, बोल काहीतरी! संवादाचे वीस मार्क आहेत," परीक्षक मॅडम वैतागल्या.

ती तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने धोंडिबांचे ओठ हलले. "शा... शा... शालन."

दाराशी बसलेली त्यांची बायको धावत आली. "अगंबाई! चाळीस वर्षांत पहिल्यांदा नावाने हाक मारलीत!"

मॅडमनी वीसपैकी वीस लिहिले. "एवढं थांबायला कुणी शिकवलं गं तुला?"

दर्शनाने मान ताठ केली. "आ... आ..."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"आ... आईने."