घरच्या खाण्याची ओळ

युरोपवाल्यांनी तपासणी कडक केली त्या साली लॅबचा माणूस निफाडला रंगनाथच्या द्राक्षबागेत नमुने घ्यायला आला. आठवड्यापूर्वीच रंगनाथनं भुरी रोगावर जास्तीचं औषध मारलं होतं. नमुन्यात त्याचा अंश सापडला, की निर्यातीचा सगळा माल बांधावरच राहणार. पण कडेला नातवासाठी राखलेली एक ओळ होती. तिच्यावर त्यानं औषधाचा थेंब पडू दिला नव्हता.

“काका, सगळ्या बागेत फिरून घड घ्यावे लागतात.”

“घ्या की. पण आधी चहा घ्या. उन्हात कशाला फिरता साहेब, या कडेच्या सावलीतल्या ओळीत पण तोच माल हाय.”

चहा झाला आणि पिशवी त्या एकाच ओळीतून भरली. पाचव्या दिवशी रिपोर्ट आला: औषधाचा अंश मर्यादेच्या चौपट, माल नापास.

“असं होईलच कसं? त्या ओळीवर मी कधी पंप नेला नाय,” रंगनाथ ओसरीवर येऊन म्हणाला.

नातवाला द्राक्षं भरवणाऱ्या त्याच्या बायकोचा हात थांबला.

 

“अहो, पंपात उरलेलं औषध ओतून द्यायचं जिवावर यायचं. ती ओळ कोरडी दिसायची, म्हणून दर बारीला मी त्याच ओळीवर मारीत होते.”