पुकारलेला आहेर

लोकसभेत बोलायला उठताना खासदार टेकाळ्यांनी सवयीनं प्रेक्षकांच्या सज्जाकडे पाहिलं. बायको गेल्यापासून तिथं त्यांचं कुणी बसत नव्हतं.

अधिवेशन नसताना सरकारनं राष्ट्रपतींच्या सहीनं वटहुकूम काढून पक्षांच्या देणगीदारांची नावं गुप्त केली होती. आता त्याचा कायदा व्हायचा होता. सरकार टेकाळ्यांच्याच पक्षाचं. विरोधात बोललं की पुढचं तिकीट गेलंच. त्यांनी पक्षानं दिलेलं भाषण घडी करून खिशात ठेवलं.

"आमच्याकडे लग्नात कुणी साधं पातेलं आहेर केलं, तरी माईकवर नाव पुकारतात. इथं पक्षाला कोट्यवधींचा आहेर येतो आणि नाव झाकायचं? वटहुकूम अडीअडचणीसाठी असतो, मांडव रिकामा बघून आहेर लपवायला नाही."

"अण्णा, हे कुणी लिहून दिलं?" मागच्या बाकावरून त्यांचाच एक सहकारी ओरडला. हशा पिकला.

"बायकोनं," टेकाळे म्हणाले. "लिहून नाही दिलं, दवाखान्याच्या खाटेवरून सांगून गेली."

हशा थांबला. टेकाळ्यांचा आवाज मात्र खणखणीत होता.

"अध्यक्षमहोदय, आता आमचाही आहेर पुकारा. शेवंता आणि भानुदास टेकाळे यांच्याकडून एक मत, विरोधात."