तुरानाच्या हातचा चहा

"एक खडासुद्धा टाकू नकोस," हिजरान आत्या म्हणाली आणि साखरेचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवून आली.

तुराना चहाचे पेले पुसून मांडत होती. बैठकीत मुर्शुदकाका आपल्या पुतण्याला घेऊन त्याच्यासाठी तिला मागणी घालायला आले होते. पुतण्या रुफत चाळिशीचा, डोंगरउतारावर चहाचे दोन मळे असलेला. तुराना एकोणीसची. बाकूच्या नर्सिंग कॉलेजात तिला जागा मिळाली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं.

"पण बाबांनी मनातून हो म्हटलंय, आत्या."

"म्हणू दे की! बाप्ये शंभर गोष्टी ठरवतात. चहा कोण करतंय? तू. गोड गेला तर होकार, बिनसाखरेचा गेला तर नकार. बिनसाखरेच्या चहावर अख्ख्या लंकरानात आजवर कुणाचं लग्न ठरलेलं नाही. पाहुणे मुकाट टोप्या घालतात नि चालू लागतात."

"बाबा चिडले तर?"

"ते माझ्यावर सोड. मी असेन ना तिथे."

तुरानाला रडूच आलं. या घरात आपल्या बाजूने एक तरी माणूस आहे, याचाच तिला केवढा आधार वाटला. तिने पितळी सामोवारावर ठेवलेल्या किटलीतला चहा कंबरेत बारीक अशा चार काचेच्या पेल्यांत ओतला आणि तबक घेऊन बैठकीत गेली; आत्याही मागोमाग येऊन बसली.

मुर्शुदकाका चहाचे दर्दी. एका पेल्यावर त्यांना उठताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी मोठा घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. रुफत मान खाली घालून पेल्यात बघत राहिला.

सुटले, तुरानाला वाटलं.

"वा!" काका म्हणाले. "काय गोड चहा केलाय पोरीने!"

रुफतनेही घोट घेतला. "गोड आहे," तो पुटपुटला.

"नाही!" तुराना ओरडलीच. "साखर नाहीये त्यात, काका. मी घातलीच नाही!"

"लाजतेय," काका हसले. "अलीश, तूच सांग तुझ्या लेकीला."

तिच्या वडिलांनी एका दमात अर्धा पेला संपवला. "गोडच आहे," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

 तुराना आत्याकडे वळली. "आत्या, तू सांग ना यांना! तू तिथेच होतीस."

सगळे आत्याकडे बघू लागले. आत्याने पेला उचलला, सावकाश घोट घेतला आणि रुमालाच्या टोकाने ओठ टिपले.

"अगं, किती गं साखर घातलीस!" ती म्हणाली. "सासरी जरा हात आखडता घे."