गच्चीवरचे हिरवे-गुलाबी

"बाबा, आता सांगा बघू, कोणता रंग दिसतोय?" थोरल्याने मुद्दाम चारचौघांत, मोठ्याने विचारलं.

सगळी इमारत गच्चीवर लोटली होती. ध्रुवाकडच्या आकाशात दिसतो तसा रंगीत उजेड या भागात पिढ्यान्‌पिढ्या कुणी पाहिला नव्हता, असं बातम्यांत सांगितलं होतं. त्यामुळे माणसं हातातली कामं टाकून, अंधार पडल्या पडल्या वर धावली होती. प्रत्येकाचा फोन वर, नजर फोनात, आणि तोंडाने नुसतं "अहाहा" आणि "बाप रे".

मास्तरांनी मान वर केली. मास्तर म्हणजे टेलरमास्तर, खाली रस्त्याला लागून त्यांचं दुकान. त्यांना दिसला तो फक्त एक पांढुरका पट्टा, ओली लाकडं पेटवल्यावर होतो तसला धूर. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. धूर तो धूरच.

आज दुपारीच काळ्या कोटाला गडद निळ्या दोऱ्याची शिवण पडली होती आणि गिऱ्हाईक तो कोट टेबलावर आपटून गेलं होतं. थोरला टपूनच बसला होता. दोन्ही मशिनं भंगारात काढून तिथे तयार कपडे टांगायचे, हे त्याचं केव्हापासूनचं चाललं होतं. "डोळे गेलेत तुमचे. द्या ती दुकानाची किल्ली आणि घरी बसा!" त्यावर मास्तर तावातावाने बोलून गेले होते, "ट्यूब लुकलुकत होती म्हणून चुकलो. मला रंग कळेनासे झाले ना, की मीच किल्ली तुझ्या हातात ठेवीन."

आणि ती वेळ अशी संध्याकाळीच समोर येऊन उभी राहिली. खोटं बोलता आलं असतं. पण ज्या जिभेने जन्मभर कापडाच्या रंगाबद्दल गिऱ्हाइकाला थाप मारली नव्हती, ती आता कुठे वळणार?

"पांढरट," मास्तर म्हणाले. "धुरासारखं काहीतरी."

"ऐकलंत?" थोरला लोकांकडे वळला. "इथे हिरवं-गुलाबी पेटलंय आणि यांना धूर दिसतोय!"

"अरेरे," दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर फोनातून डोकं न काढता म्हणाले. "वयाने होतं असं. पण मास्तर, गुलाबीसुद्धा नाही? एवढं ढळढळीत आहे हो!"

कुणीतरी चुकचुकलं. मास्तरांनी खिशातून किल्ली काढली. ती पुरती पुढे करायच्या आतच थोरल्याने हातातून काढून घेतली.

तेवढ्यात सून ओरडली, "अगंबाई, बंद पडला!" तिच्या फोनची बॅटरी संपली होती. मोकळ्या हातांनी तिने वर पाहिलं. "अय्या, गेले वाटतं रंग? संपलं एवढ्यात?" मग ती डॉक्टरांच्या फोनात डोकावली. "नाही हो, आहेत की!" परत वर बघितलं. परत फोनात. तिची नजर हळूच मास्तरांकडे वळली आणि तशीच खाली गेली.

मास्तरांना काय ते कळलं. रंग फोनात होते. वर सगळ्यांनाच धूर होता.

"डॉक्टर," ते म्हणाले, "फोन खाली घ्या आणि नुसत्या डोळ्यांनी सांगा."

डॉक्टरांनी वर पाहिलं. भांबावले. मग आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "हिरवं," ते घसा खाकरत म्हणाले. "म्हणजे हिरवटच. आहे की!"

"मला तर गुलाबीपण दिसतंय," मागून एक बाई घाईघाईने म्हणाल्या.

"तू गं, सूनबाई?"

सुनेने आधी नवऱ्याकडे पाहिलं. "दिसतंय थोडं थोडं," ती पुटपुटली.

"आणि तू रे?"

थोरल्याने मान वर केली. बराच वेळ तो बघत राहिला. लहानपणी खोटं बोलताना कान चोळायचा, तसा आत्ताही चोळला. मग मास्तरांच्या अगदी जवळ येऊन हळूच म्हणाला, "पण कोटाचं तर खरं ना, बाबा? कशाला वाढवता आता?" आणि किल्ली खिशात टाकली.

मास्तरांना शिसारी आली. आयुष्यभर घामेजल्या काखांची मापं घेतली, उसवलेल्या, वास मारणाऱ्या विजारी मांडीवर घेऊन शिवल्या, पण कधी नाक मुरडलं नव्हतं. इथे मात्र मोकळ्या हवेत, धुतल्या कपड्यांतल्या या माणसांमध्ये त्यांच्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

"चला बाबा, एक फोटो!" थोरल्याने त्यांच्या गळ्यात हात टाकला, फोटो काढला आणि खाली लिहीत लिहीत मोठ्याने वाचलंही, "बाबांना दिसत नाही, पण आम्ही शेजारी उभं राहून त्यांना सगळं सांगतो."

"वा!" डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांत पाणी आलं हो."

मास्तरांनी खांद्यावरचा हात झटकला आणि जिन्याची वाट धरली. जिन्यात काळोख होता. थोरला मागोमाग धावत आला.

"सांभाळून, बाबा! पायऱ्या दिसतायत ना?" टॉर्च लावायला त्याने फोन तोंडासमोर धरला. त्यात तो फोटो अजून उघडाच होता.

मास्तर थांबले, वळले. हिरवा-गुलाबी उजेड लेकाच्या हनुवटीवर, गालांवर, कपाळावर पडला होता. एक-एक रंग स्वच्छ दिसत होता.

"विझव ते," मास्तर म्हणाले. "तुझं तोंड दिसतंय."