हाडाला काम

"डॉक्टर, नवा दात बसवण्याआधी आजोबांच्या जबड्यात भरायला हाड कोणाचं आणणार?"

मैत्रिणींशी पैजच लागली होती, टाकलं विचारून! बाबांनी कपाळाला हात लावला. आजोबा मात्र खुर्चीत आडवे पडल्यापडल्या खुदकन हसले.

"त्यांचंच थोडं काढून लावू," डॉक्टर म्हणाल्या.

"पण इथलं गेलं कुठे?"

"झिजलं. कुणाचं मार लागून जातं, कुणाचं हिरड्यांच्या आजारानं. यांचा दात पडून बरीच वर्षं झाली. चावायचं काम गेलं की त्या जागेचं हाड विरत जातं."

"म्हणजे आराम करून करून?"

"तसंच म्हण."

घरी आल्यावर आजोबा नेहमीसारखे खिडकीशी जाऊन बसले, पडद्याची उसवलेली शिवण बोटांनी चाचपत. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आता त्यांनी निवांत बसावं, म्हणून आईबाबांनीच मोठ्या प्रेमानं त्यांचं शिलाई मशीन माळ्यावर टाकलंय.

मी स्टूल ओढत आणलं.

"बाबा, चढ वर, मशीन खाली काढ. आई, मापाची टेप शोध. शाळेच्या नाटकातला माझा झगा आजोबा शिवणार. ठरलं म्हणजे ठरलं!"